हाताची परीक्षा



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका बचत गटाची मासिक बैठक चालू होती. कर्जमागणीचा विषय आला. शेळ्या, शिवणयंत्र, बियाणं, लेकीचं बाळंतपण ही कारणं आम्हा सहयोगिनींना पाठ झालेली आहेत. त्या दिवशी एका ताईंनी ५५,००० रुपये मागितले. कारण काय, तर मुलीला लॅपटॉप हवा, त्यावर ती लॅब करणार. शेजारच्या आजींनी विचारलं, “लॅब म्हंजी रगत तपासायची?” सगळ्या हसल्या. पण हसून झाल्यावर कुणी बोलेना.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी याच गटानं दुसऱ्या एका मुलीला नेटवर्किंगच्या कोर्ससाठी कर्ज दिलं होतं. तालुक्याच्या गावातल्या एका क्लासनं तिच्याकडून प्रश्नोत्तरांची झेरॉक्स पाठ करून घेतली. तेच प्रश्न परीक्षेत आले, पोरगी पास झाली, सर्टिफिकेट आलं, पेढे वाटले. पुण्याला मुलाखतीत तिच्यासमोर एक यंत्र आणि दोन तारा ठेवल्या आणि म्हणाले, हे दोन संगणक जोडून दाखव. तिला यंत्र कुठून चालू करायचं तेही माहीत नव्हतं. कर्ज तिच्या आईनं दूध घालून फेडलं. त्यामुळे आता “सर्टिफिकेट” म्हटलं की आमच्या गटात पहिला प्रश्न हाच येतो, कसलं? पाठ करायचं, की करून दाखवायचं?

ते शोधायला आम्ही बसलो, आणि शोधता शोधता एका परीक्षेचा चांगला चाळीस वर्षांचा मागचा-पुढचा इतिहास हाती लागला. आज रेडिओवर तोच सांगतोय.

सुरुवात अमेरिकेतली आहे. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड नावाचं मोठं विद्यापीठ आहे. १९८०च्या सुमारास तिथल्या प्रत्येक विभागाचे आपापले संगणक होते, पण एका विभागाचं जाळं दुसऱ्या विभागाच्या जाळ्याशी बोलत नसे. सँडी लर्नर नावाची बाई तिथल्या व्यवसाय शिक्षण विभागाचे संगणक सांभाळायची. लेन बोसॅक हा तिचा नवरा संगणकशास्त्र विभागातले सांभाळायचा. नवराबायकोला एकमेकांना निरोप धाडता येईना म्हणून त्यांनी यंत्र शोधलं, अशी गोष्ट लोक रंगवून सांगतात. त्यात मीठमसाला बराच आहे. ते यंत्र त्याच विद्यापीठातल्या अनेकांच्या हातून घडलं होतं, त्यावरची आज्ञावली बिल येगर यांची होती आणि पुढे १९८७ मध्ये विद्यापीठाकडून रीतसर परवाना घ्यावा लागला. पण १९८४च्या डिसेंबरात कंपनी काढली ती या दोघांनी. घर गहाण टाकलं, क्रेडिट कार्डावर उधारी केली. शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नावाचा शेवटचा तुकडा घेऊन नाव ठेवलं सिस्को.

त्या यंत्राला राउटर म्हणतात. घरोघरी वायफायची पेटी असते तो त्याचाच लहान भाऊ. राउटर काय करतो हे आम्हाला त्या ताईंच्या मुलीनं एसटी स्टँडवरून समजावलं. आपल्या स्टँडवरच्या कंट्रोलरला मुंबईपर्यंतचा प्रत्येक खड्डा ठाऊक नसतो. पाटी बघून तो एवढंच सांगतो की या गाडीत बसा, पुढच्या स्टँडवर उतरा, तिथं विचारा. राउटरही तसंच करतो. आलेल्या निरोपावरचा पत्ता वाचतो आणि पुढच्या राउटरकडे ढकलतो. असे लाखो कंट्रोलर मिळून इंटरनेट चालतं.

सँडीबाईंचं पुढं काय झालं हे सांगितल्याशिवाय आम्हाला पुढं जाववत नाही. १९८७ मध्ये गुंतवणूकदार आले, १९९०च्या फेब्रुवारीत कंपनीचे शेअर बाजारात आले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सँडी लर्नर यांना स्वतः काढलेल्या कंपनीतून काढून टाकलं. बोसॅकही लगोलग बाहेर पडले. दोघांनी आपले शेअर सुमारे १७ कोटी डॉलरना विकले आणि त्यातला मोठा भाग दानधर्मात घातला. इंग्लंडमध्ये जेन ऑस्टिन या लेखिकेच्या भावाचा जुना वाडा होता, तो पडझडीला आलेला. सँडीबाईंनी तो दुरुस्त करून २००३ मध्ये तिथं जुन्या काळच्या स्त्री-लेखिकांच्या पुस्तकांचं ग्रंथालय उघडलं. राउटर विकून बायकांची पुस्तकं जपणारी ही बाई आम्हाला फार आवडली. आमचा मूळ विषय तो नाही, तरी सांगितलं.

आता परीक्षेकडे येऊ. १९९०नंतर राउटर भराभर विकले जाऊ लागले, पण बिघडले तर दुरुस्त कोण करणार? पुस्तक वाचून पास झालेले पुष्कळ होते. त्या दशकात अमेरिकेत “कागदी इंजिनिअर” हा टिंगलीचा शब्दच झाला होता. म्हणजे आमच्या क्लासची झेरॉक्स काही फक्त आपल्याकडचीच नव्हती! गिऱ्हाइकाकडे गेल्यावर ज्याचा हात चालेल असा माणूस ओळखायचा कसा, या प्रश्नातून १९९३ मध्ये सिस्कोनं एक परीक्षा सुरू केली. तिचं नाव सीसीआयई. स्टुअर्ट बिग्ज नावाच्या इंजिनिअरनं तिची प्रयोगखोली उभी केली.

या परीक्षेचे क्रमांक १ पासून सुरू होत नाहीत, १०२४ पासून होतात. एक घ्या आणि दहा वेळा दुप्पट करा, १०२४ येतात. संगणकवाल्यांची मोजणी अशी दुपटीची असते. आणि तो पहिला क्रमांक माणसाला दिलाच नाही, प्रयोगखोलीला दिला. लग्नाची पहिली पत्रिका आपण देवापुढं ठेवतो, तसंच म्हणा. १०२५ बिग्ज यांना मिळाला. बाहेरून येऊन पहिल्यांदा परीक्षा देऊन पास झालेले टेरी स्लॅटरी, त्यांचा क्रमांक १०२६.

परीक्षा दोन दिवसांची होती. उमेदवारापुढं यंत्रं, तारा आणि कागदावर कामाची यादी. पहिला दिवस आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं जाळं उभं करायचं. एकेका टप्प्याला पुरेसे गुण नसतील तर तिथूनच घरी. जो दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत टिकला, तो जेवायला जायचा, आणि तो जेवत असताना परीक्षक त्यानं जोडलेल्या जाळ्यात बिघाड करून ठेवायचे! परत येऊन बघावं तर सगळं बंद. मग उरलेल्या वेळात बिघाड हुडकून काढायचे.

हे ऐकून आमच्या गटातल्या एक काकू, ज्या वीस वर्षं ब्लाउज शिवतात, त्या म्हणाल्या, “बरोबर आहे की. नवा ब्लाउज कुणीबी शिवंल. दुसरीनं बिघडवलेला उसवून नीट करायला हात लागतो.” आम्ही एवढं वाचून जे समजलो ते त्यांना एका वाक्यात कळलं होतं.

या परीक्षेतली आणखी एक गोष्ट गटाला पटली. तिला डिग्री लागत नाही. आधी एक लेखी परीक्षा आहे, पण दहावी झाली का, इंजिनिअरिंग झालं का, हे कुणी विचारत नाही. करून दाखवता येतं का, एवढंच. २००१च्या ऑक्टोबरपासून ती दोन दिवसांऐवजी एका दिवसाची, आठ तासांची झाली. तारा हातानं जोडणं हळूहळू गेलं, आता सगळं पडद्यावरून करतात. पण उभं करणं आणि बिघाड शोधणं अजून तसंच आहे.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, किती न्यायाची परीक्षा. पण मैत्रिणींनो, डिग्री नको म्हटलं तरी हात बसायला यंत्र लागतंच, आणि यंत्र फुकट नसतं. आपल्यापैकी काहींनी टायपिंगची सरकारी परीक्षा दिली आहे. घरी टाइपरायटर कुणाकडे होता? क्लासात जायचं, तासावर मशीन मिळायचं, वेळ संपली की मागची मुलगी उभीच. १९९०च्या आणि २०००च्या दशकात जगभर नेटवर्किंग शिकणाऱ्यांची हीच तऱ्हा होती. ज्याच्याकडे पैसा तो कंपन्यांनी टाकून दिलेले जुने राउटर विकत घेऊन घरी मांडणीवर रचायचा. पंख्यांची घरघर, खोलीत उकाडा, विजेचं बिल. ज्याच्याकडे नाही तो तासावर भाड्यानं घ्यायचा. म्हणजे कुणाचाही हात चालेल असं म्हणत म्हणत परीक्षा शेवटी ज्याच्या घरी यंत्र त्याच्याकडेच जायची.

आणि हे अंतर परीक्षेच्याही फार आधी सुरू होतं. रेडिया पर्लमन या बाईंचं नाव नेटवर्क शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतं. त्या अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकल्या. शिकायच्या वयात त्या संगणकाच्या एका वर्गात गेल्या, तर तिथली मुलं लहानपणीच घरी रेडिओ संच बनवल्याच्या गप्पा मारत होती, आणि “इनपुट” असले शब्द सहज वापरत होती. पर्लमनबाईंना तो शब्दही माहीत नव्हता. आपण इतक्या मागे आहोत की आता गाठता येणार नाही, असं वाटून त्या वर्गातून त्यांनी काहीच घेतलं नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. गावातून शहरातल्या कॉलेजात गेलेल्या आपल्या कितीतरी मुली पहिल्या आठवड्यात फोनवर हेच रडतात.

या बाईंनी पुढं काय केलं? संगणक एकमेकांना जोडताना सुरक्षेसाठी दोन-दोन वाटा ठेवतात, एक तुटली तर दुसरी हवी म्हणून. पण त्यानं गोल तयार होतो आणि निरोप वडाला फेऱ्या मारल्यासारखा फिरतच राहतो, वाढतच जातो, शेवटी सगळं जाळं बसतं. १९८४-८५च्या सुमारास डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत काम करताना पर्लमनबाईंनी यावर उपाय काढला. यंत्रं आपापसात बोलून जादा वाटा तात्पुरत्या बंद ठेवतात आणि गरज पडली की उघडतात. साहेबांनी शुक्रवारी काम सांगितलं आणि ते सुट्टीवर गेले. बाईंनी त्याच रात्री उपाय शोधला, सोमवार-मंगळवारी लिहून काढला, आणि उरलेला आठवडा त्यावर कविता करण्यात घालवला. त्याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. त्याआधी, १९७०च्या दशकात, एमआयटीत असताना वाचता न येणाऱ्या अगदी लहान मुलांना बटणं दाबून संगणकाला काम सांगता यावं असं साधनही त्यांनी बनवलं होतं. पहिल्या वर्गातून रिकाम्या हातानं परतलेल्या बाईनं हे करावं, याचं आम्हाला नवल वाटलं नाही.

यंत्राची अडचण सुटली ती २००५ मध्ये, आणि कुठल्या मोठ्या कंपनीनं ती सोडवली नाही. फ्रान्समधल्या क्रिस्तोफ फियो नावाच्या माणसानं डायनॅमिप्स ही आज्ञावली लिहिली. साध्या संगणकाला तिनं असं भासवता येतं की तो राउटर आहे. मग राउटरसाठीचं खरं सॉफ्टवेअर त्यावर चालतं. एका संगणकाच्या पोटात चार राउटर, सहा राउटर! दोन-तीन वर्षांत जेरेमी ग्रॉसमन यांनी त्यावर जीएनएस-थ्री नावाचं चित्रांचं साधन केलं, म्हणजे राउटरचं चित्र उचलून पडद्यावर ठेवायचं, रेघ ओढली की तार जोडली. राउटरचं सॉफ्टवेअर मात्र कंपनीचं असतं, ते परवानगीनंच वापरायला हवं. सिस्कोनं १९९७ मध्ये शिकणाऱ्यांसाठी अकादमी सुरू केली होती. तिचं पॅकेट ट्रेसर हे सरावाचं साधन आता नाव नोंदवलं की फुकट मिळतं, आणि सुरुवातीच्या परीक्षेला ते पुरतं. वरच्या परीक्षेला मात्र जास्त ताकदीचा संगणक लागतो. गटाला मागितलेले ५५,००० ते यासाठी होते.

आम्ही त्या मुलीच्या घरी जाऊन बघितलं. तेव्हा ती मामेभावाच्या जुन्या संगणकावर शिकत होती. पडद्यावर चार राउटर. तिनं दाखवलं की शेजारचे दोन राउटर दर १० सेकंदांनी एकमेकांना हॅलो म्हणतात. ४० सेकंद हॅलो आला नाही तर शेजारीण गेली असं समजून दुसरी वाट धरतात. मग तिनं एका बाजूचे १० काढून १५ केले. तारा ठीक, पत्ते ठीक, दिवे हिरवे, पण थोड्याच वेळात बोलणं बंद. कारण दोघींचे आकडे जुळले नाहीत तर त्या एकमेकींना शेजारीण मानतच नाहीत. “हे पुस्तकात एक ओळ आहे काकू,” ती म्हणाली, “पण मला शोधायला दोन रात्री लागल्या. आता जन्मात विसरणार नाही.” आदल्या महिन्यात ग्रामपंचायतीतलं इंटरनेट बंद पडलं होतं, तेव्हा पेटीवरचा लाल दिवा बघून तिनंच सांगितलं होतं की यंत्राला काही झालेलं नाही, उजेड आत येत नाहीये, तार बघा. कपाटामागं उंदरानं तार कुरतडली होती. त्यावरून गटातल्या सगळ्यांचं मत बदललं, असं मात्र नाही. एकजण म्हणाली, उंदीर तर मांजरानंबी शोधला असता.

बैठकीत दोन तास वाद झाला. शेवटच्या परीक्षेची फी कित्येक वर्षं १६०० डॉलर होती, आपले सव्वा लाखाच्या वर. त्यात बंगळूरला जाणं-राहणं वेगळं, कारण ती लॅब घेण्याचं केंद्र तिथं आहे. आणि पहिल्या खेपेत बहुतेक जण नापास होतात. एवढ्यात शेळ्यांचा कळप होईल, हे म्हणणं काही चुकीचं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं. फीचा विषय आज नको, ती आधी सीसीएनए ही पहिली पायरी आणि मग दुसरी पार करेल तेव्हा बघू. लॅपटॉपपुरतं कर्ज द्यायचं, हप्ता आईच्या दुधाच्या पैशातून. आणि दर तीन महिन्यांनी मुलीनं गटासमोर लॅब करून दाखवायची. आपण बिघडवणार, तिनं शोधायचं.

पहिल्या वेळी बिघडवायचा मान “रगत तपासायची” म्हणणाऱ्या आजींना दिला. पोरीला बाहेर ओट्यावर बसवलं. आजींनी आमच्यातल्या एकीच्या मदतीनं माउस धरला आणि एक रेघ पुसून टाकली. पोरगी आत आली, दोन-तीन ओळी लिहिल्या, पडद्यावरचं वाचलं आणि मिनिटभरात बोट ठेवलं. आजी खट्टू झाल्या. “लई सोपं दिलं,” म्हणाल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी तिच्याच वहीत बघून एका पत्त्यातला एक आकडा बदलला. त्याला तिला पंचवीस मिनिटं लागली आणि घाम फुटला.

पण एक अडचण लॅपटॉपनं सुटलेली नाही. ती परीक्षा आठ तासांची आहे. आठ तास सलग एका जागी बसायची सवय करावी लागते, मधे उठलं की धागा तुटतो. आमच्या वाडीत लेकीला सलग आठ तास कोण बसू देतं? नळाला पाणी आलं की हाक, दळण आणायला हाक, पाहुणे आले की चहा. भाऊ मोबाइल घेऊन बसला तर तो थकलेला असतो, ही बसली तर रिकामी असते. वीज जाते ती वेगळीच. यंत्र जगभर स्वस्त झालं, पण मुलीचे आठ तास स्वस्त झाले नाहीत. हा मुद्दा आम्ही कर्जाच्या अटीत लिहायचा म्हटलं तर काहीजणी हसल्या. पण लिहिला. रविवारी सकाळी आठ ते दुपारी चार मुलीला हाक मारायची नाही, असं आईनं आणि भावानं सही करून दिलंय. पहिल्या रविवारी तीनदा मोडलं. आता पाण्याची पाळी भावाकडे आहे. परवा त्यानं हंडा भरून आणला, तर शेजाऱ्यांनी विचारलं, बहीण आजारी आहे का.

सीसीएनए तिनं मार्चमध्ये पास केली. कर्जाचे सात हप्ते वेळेवर आलेत. पुढच्या बैठकीला तिची चौथी लॅब आहे. बिघडवायला आता प्रत्येकीलाच जायचं असतं, म्हणून या वेळी चिठ्ठ्या टाकायचं ठरलंय. आजींचं म्हणणं आहे की त्यांचं नाव दोन चिठ्ठ्यांवर घालावं.